एका चेंडूचा भाव

१५ जून २०२५. सिअ‍ॅटल मरिनर्सविरुद्धचा सामना, दुसरी इनिंग. आमच्या क्लीव्हलंड गार्डियन्सचा पिचर लुईस ऑर्टिझ याने इनिंगचा पहिला चेंडू टाकला. तो स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेला, अंपायरने ‘बॉल’ दिला आणि खेळ पुढे सरकला. बेसबॉलच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साधारण तीनशे चेंडू पडतात आणि त्यातले शंभराच्या आसपास असेच बाहेर जातात. अशा चेंडूकडे कुणी बघत नाही. लोक त्या वेळी हॉटडॉगला मोहरी लावत असतात, पोराच्या बुटाची नाडी बांधत असतात.

बारा दिवसांनी, २७ जूनला, सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध तिसऱ्या इनिंगचा पहिला चेंडूही असाच बाहेर गेला. नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या फेडरल सरकारी वकिलांनी आरोपपत्र जाहीर केलं तेव्हा या दोन चेंडूंची किंमत आम्हाला कळली. पहिल्यासाठी ऑर्टिझला ५ हजार डॉलर, दुसऱ्यासाठी ७ हजार. हे सगळं जुळवून आणणारा म्हणून आरोपपत्रात ज्याचं नाव आहे तो इमॅन्युएल क्लासे, आमचा क्लोजर. चेंडू कधी आणि कसा टाकणार हे तो डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सट्टा लावणाऱ्यांना आधीच कळवायचा, हे २०२३ च्या मे महिन्यापासून चालू होतं, आणि त्याच्या चेंडूंवर त्या लोकांनी निदान ४ लाख डॉलर कमावले, असं सरकारी वकिलांचं म्हणणं आहे. दोघांनीही आरोप नाकारले आहेत. दोषी की निर्दोष हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यात मला पडायचं नाही. मला बोलायचंय ते हा सट्टा लावता येतो याबद्दल, आणि तो कुणी लावू दिला याबद्दल.

आधी क्लासे आमच्यासाठी कोण होता ते सांगायला हवं. क्लोजर म्हणजे नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये एक-दोन धावांची आघाडी राखायला येणारा पिचर. क्लासेचा ‘कटर’ नावाचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपास यायचा आणि बॅटजवळ पोहोचता पोहोचता इतका सरकायचा की भलेभले बॅटर हातातली बॅट मोडून परत जायचे. २०२४ च्या हंगामात त्याने ४७ सामने वाचवले. ७४ इनिंगमध्ये त्याच्या खात्यावर फक्त पाच धावा लागल्या. मी गाडीतून घरी येत असायचो, रेडिओवर टॉम हॅमिल्टनचा आवाज असायचा, आणि आठवी इनिंग संपल्यावर त्याने क्लासेचं नाव घेतलं की मी निश्चिंत व्हायचो. सांगलीला आमच्या घरी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं समालोचन चालू असताना वडील जसे रेडिओकडे कान लावून बसत, तसाच मी हॅमिल्टनकडे कान लावून बसतो. बेसबॉल मला या माणसाने शिकवला. डोळ्यांनी बघण्याआधी मी हा खेळ कानांनी ऐकला.

मग त्या वर्षीचे प्लेऑफ आले. ७ ऑक्टोबर २०२४, डेट्रॉइट टायगर्स, धावफलक कोरा, नववी इनिंग, आणि केरी कार्पेंटरने क्लासेला तीन धावांचा होमरन मारला. दहा दिवसांनी न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अ‍ॅरन जज आणि जियानकार्लो स्टँटन यांनी पाठोपाठ दोन मारले. तो सामना डेव्हिड फ्रायने दहाव्या इनिंगमध्ये आम्हाला जिंकून दिला म्हणून त्या रात्री सगळं विसरलं गेलं. पूर्ण हंगामात पाच धावा देणाऱ्या माणसाने प्लेऑफच्या आठ इनिंगमध्ये आठ दिल्या. तेव्हा आम्ही म्हणालो, दमला बिचारा. इतकं पिचिंग केल्यावर हात जड होणारच.

ते होमरन त्याने मुद्दाम दिले असा आरोप आरोपपत्रात नाही. तरीही आज मी कार्पेंटरचा तो फटका डोळ्यांसमोर आणला की मन चौकशी करायला लागतं. चेंडू इतका मधोमध कसा पडला? ही शंका मला नको आहे. मला माझं २०२४ चं दुःख आहे तसं, निर्मळ, परत हवं आहे. हरल्याचं दुःख चाहत्याच्या वाट्याला येणारच. क्लीव्हलंडने शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, १९४८ साली जिंकली; इथल्या म्हाताऱ्या माणसांनी या दुःखावर सबंध आयुष्य काढलं आहे. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात राजाई डेव्हिसने आठव्या इनिंगमध्ये बरोबरी साधणारा होमरन मारला, मग पाऊस आला, खेळ सतरा मिनिटं थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये शिकागो कब्जने आमच्या तोंडचा घास काढून घेतला. त्या रात्रीची जखम मी अजून मायेने जपतो, कारण ती खरी आहे. मैदानावरच्या प्रत्येकाने जीव तोडून खेळून मला ती दिली. क्लासेच्या प्रकरणाने दिलेली जखम तशी नाही. ती मागे जात जात जुन्या चांगल्या दिवसांनाही लागते.

हे आमच्या पिढीला नवं नाही. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएच्या फोनवरचं संभाषण बाहेर आणलं तेव्हा मी सांगलीत कॉलेजात होतो. त्यानंतर किती तरी महिने आमच्या कट्ट्यावर कुणी झेल सुटल्यावर नुसतं हळहळलं नाही. ‘सोडला की सुटला?’ हा प्रश्न प्रत्येक झेलाला चिकटला. नव्वदीच्या दशकातले सामने आम्ही मनातल्या मनात पुन्हा तपासले, आणि ज्या डावांवर जीव ओवाळून टाकला होता त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं. २०१० साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले, तेव्हा मोहम्मद आमिर जेमतेम अठरा वर्षांचा होता. काय सुंदर हात होता त्या पोराचा! एका ब्रिटिश वृत्तपत्राने लावलेल्या सापळ्यात तो सापडला आणि पुढे तुरुंगात गेला. लॉर्ड्सचा नो-बॉल आणि सिअ‍ॅटलचा बाहेर गेलेला चेंडू यांत मला फरक दिसतो तो एकच, पण तो फार मोठा आहे. क्रिकेटमधला तो सगळा धंदा चोरून चालणारा होता. अमेरिकेत अनेक राज्यांत एका चेंडूवरचा सट्टा कायदेशीर आहे, आणि सट्टा घेणाऱ्या कंपन्या लीगच्या अधिकृत भागीदार आहेत.

हे कसं झालं? मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला बंदी घालणारा जुना केंद्रीय कायदा रद्द केला आणि प्रत्येक राज्याला आपला निर्णय घेण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेजर लीग बेसबॉलने एमजीएम या कसिनो कंपनीशी करार केला. जी लीग शंभर वर्षं जुगाऱ्याची सावलीसुद्धा अंगावर पडू देत नव्हती, तिने सहा महिन्यांत हात मिळवला. शिकागोच्या रिगली फील्डला, त्या आयव्हीच्या वेलींनी झाकलेल्या भिंतींच्या देवळाला, २०२३ मध्ये सट्ट्याचं दुकान जोडून उभं राहिलं. आमच्या ओहायो राज्यात १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्री सट्टा कायदेशीर झाला, आणि सिनसिनाटीच्या एका कसिनोत पहिला डाव लावायला कुणाला बोलावलं होतं? पीट रोझला. सट्ट्यापायी बेसबॉलमधून आयुष्यभरासाठी हाकललेल्या माणसाला. तो डाव त्याने सिनसिनाटी रेड्सवर लावला. माझ्या अंगावर काटा आला होता ते बघून, आणि टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते.

संपूर्ण सामन्यावर सट्टा लागला तर तो फिरवायला बरंच काही लागतं. बेसबॉलमध्ये एका बाजूचे नऊ जण एका वेळी मैदानात असतात, पिचर पाच-सहा वेळा बदलतात, मॅनेजर सारखा हस्तक्षेप करतो. १९१९ साली वर्ल्ड सिरीज विकायला शिकागो व्हाइट सॉक्समधले आठ जण गुंतले होते, तरी ती नीट विकता आली नाही आणि पैशांवरून आपसात भांडणं झाली. एका चेंडूचं तसं नाही. या इनिंगचा पहिला चेंडू स्ट्राइक असेल की बॉल, त्याचा वेग ताशी ९५ मैलांच्या वर असेल की खाली, यावर डाव लागतो तेव्हा त्याचं उत्तर जगात एकाच माणसाच्या बोटांत असतं. त्याला सामना हरावा लागत नाही. धावही द्यावी लागत नाही. एक चेंडू मातीत टाकायचा, आणि पुढचे तीन स्ट्राइक टाकून बॅटरला बाद करायचं. संघ जिंकतो, चाहता खूश, आणि त्या पोराला वाटतं, कुणाचं काय बिघडलं?

मुंबईतला आकडा एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर लागायचा, बाजार उघडताना एक आणि बंद होताना एक. गिरणगावातल्या कामगाराने त्यात पगार घालवला, घरं बसली, ते दुःख खोटं नाही. पण निदान तो भाव परळच्या चाळीतल्या कुणाच्या मनगटातून निघत नव्हता. इथे आकडा ज्याच्या हातातून निघतो त्याचा फोन नंबर सट्टा लावणाऱ्याकडे असू शकतो. असा डाव बाजारात आणायची कल्पना ज्याला सुचली, त्याला हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आरोपपत्रातली एक नोंद मला विसरता येत नाही. २८ मे २०२५, आमच्याच मैदानावर लॉस एंजलिस डॉजर्सशी सामना. क्लासेने चेंडू चौकटीबाहेर टाकला, पण डॉजर्सच्या अँडी पाहेसने त्यावर बॅट फिरवली आणि चेंडू चुकला. बॅट फिरवली म्हणजे स्ट्राइक. सट्टा लावणाऱ्यांचे सुमारे ४ हजार डॉलर गेले. सामन्यानंतर त्यांच्यातल्या एकाने क्लासेला गळफास घेणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं आणि क्लासेने उत्तरादाखल कुत्र्याच्या उदास पिल्लाचं चित्र धाडलं, असं त्यात म्हटलं आहे. हे खरं असेल तर आम्ही गॅलरीत उभे राहून ज्या स्ट्राइकला टाळ्या वाजवल्या, ती टाकणाऱ्यासाठी हार होती. आमच्या आणि त्याच्या आनंदाचं तोंड विरुद्ध दिशांना होतं. एखाद्या चाहत्याची याहून मोठी फसवणूक मला कल्पनेतही करता येत नाही.

लीग शिक्षा देत नाही असं नाही. जून २०२४ मध्ये टुकुपिता मार्कानो या खेळाडूला आजन्म बंदी झाली. त्याने बेसबॉलवर दीड लाख डॉलरहून अधिक लावले होते आणि त्यात त्याच्या स्वतःच्या संघाचे सामनेही होते. त्याच दिवशी आणखी चौघांना वर्षभरासाठी बाहेर बसवलं. त्यांतल्या मायकल केलीने खालच्या लीगमध्ये खेळत असताना लावलेले सगळे डाव मिळून ९९ डॉलर २२ सेंटचे होते. पॅट होबर्ग हा अंपायर २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्यात एकही बॉल-स्ट्राइक चुकला नव्हता. इतकं निर्दोष काम क्वचितच कुणी केलं असेल. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला काढून टाकलं, कारण त्याचं सट्ट्याचं खातं एका मित्राबरोबर सामाईक होतं आणि तो मित्र बेसबॉलवर पैसे लावत होता. होबर्गने निर्णय फिरवल्याचा पुरावा नव्हता, तरी काढलं. मी या कडकपणाच्या बाजूचा आहे. ९९ डॉलरलाही वर्षभराची शिक्षा झालीच पाहिजे. प्रत्येक क्लबच्या खोलीत सट्ट्याला मनाई करणारा एकविसावा नियम इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लावलेला असतो, तो वाचून सगळे आत येतात. माझा राग असा की त्या खोलीत नियम लावणारी लीगच सामन्याच्या मधल्या वेळात टीव्हीवरून सगळ्या देशाला सांगते, लावा, आत्ताच लावा, पुढच्या चेंडूवर लावा.

याला एक उत्तर दिलं जातं आणि ते हलकं नाही. ऑर्टिझच्या चेंडूंवर अचानक मोठे डाव लागले हे कायदेशीर कंपन्यांच्या देखरेखीतच लक्षात आलं. सगळं चोरून चाललं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. हे खरं आहे, आणि सट्टा पुन्हा बेकायदेशीर करा असं मी म्हणत नाही. सामना कोण जिंकेल यावर ज्याला पैसे लावायचेत त्याने खुशाल लावावेत. माझं म्हणणं एका चेंडूपुरतं आहे. आरोपपत्र आल्यावर लीगने लगेच जाहीर केलं की एका चेंडूवरचा डाव आता २०० डॉलरच्या पुढे घेतला जाणार नाही आणि तो दुसऱ्या डावांशी जोडता येणार नाही. म्हणजे या डावात खोट आहे हे लीगला मान्य आहे. मग तो ठेवला कशासाठी? चोरवाट सापडल्यावर ती बुजवतात. अरुंद करून ठेवत नाहीत.

आणि हा डाव प्रेक्षकाचं काय करतो तेही मी बघतो. ऑफिसातली तरुण मुलं बरोबर येतात, चांगली, हुशार मुलं आहेत. त्यांची नजर पिचरवर नसते, मांडीवरच्या फोनवर असते. चेंडू पडला की फोनकडे बघून ती ओरडतात किंवा शिवी देतात. तिसऱ्या बेसवर कोण आहे हे विचारलं तर सांगता येत नाही. वरच्या गॅलरीत आमच्या जवळ एक वयस्कर गृहस्थ बसतात, ते प्रत्येक सामन्याचा फलक पेन्सिलने भरतात. कोणत्या चेंडूला कोण कसा बाद झाला, चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला, सगळं आकड्यांत. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला, दोघे बाद. बॅट न हलवता बाद झाला तर के हे अक्षर उलटं काढायचं. मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या वहीत प्रत्येक चेंडूला जागा आहे आणि मुलांच्या फोनवरही प्रत्येक चेंडूला जागा आहे. पण फोनवरच्या चेंडूला भाव असतो, आणि भाव संपला की तो चेंडू संपतो. पुढे त्याचं काय झालं, त्यातून धाव निघाली की नाही, यात कुणाला रस उरत नाही.

हरलेला डाव खेळाडूच्या घरापर्यंतही पोहोचतो. मे २०२५ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा पिचर लान्स मॅकलर्स खराब खेळला, आणि त्याच्या लहान मुलांना मारून टाकण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोध घेतला तर तो परदेशातला सट्ट्यात हरलेला माणूस निघाला. बॉस्टनच्या लियाम हेंड्रिक्सने, कर्करोगातून उठून परत मैदानावर आलेल्या माणसाने, आपल्यालाही अशा धमक्या येतात हे त्याच दिवसांत सांगितलं.

आता रोझबद्दल, कारण ओहायोत राहून त्याला टाळता येत नाही. ४,२५६ हिट्स, आजवर कुणाच्याही नाहीत इतके. १९८९ च्या ऑगस्टमध्ये कमिशनर बार्ट जियामाटी यांनी त्याला कायमचं बाहेर काढलं. स्वतः मॅनेजर असलेल्या रेड्सच्या निदान ५२ सामन्यांवर त्याने १९८७ साली डाव लावल्याचं चौकशीत निघालं होतं. आठच दिवसांनी जियामाटी हृदयविकाराने गेले. रोझने पंधरा वर्षं साफ नाकारलं आणि २००४ मध्ये कबूल केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला. १३ मे २०२५ ला कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी त्याच्यासह सतरा दिवंगतांची नावं बंदीच्या यादीतून काढली. गेलेला माणूस खेळाच्या प्रामाणिकपणाला धोका ठरू शकत नाही, असं त्यांचं कारण.

मला हे कारण पटत नाही. कायमची बंदी मेलेल्या माणसासाठी नसतेच, ती जिवंतांसाठी असते. वीस वर्षांचा पिचर खोलीतला एकविसावा नियम वाचतो तेव्हा त्याला कळायला हवं की यात फक्त नोकरी जात नाही, नाव जातं, आणि आपल्या मागेही ते परत मिळत नाही. मॅनफ्रेड यांनी तो धाक काढून घेतला तो मे महिन्यात, आणि जुलैत ऑर्टिझ आणि क्लासे दोघांनाही चौकशीसाठी रजेवर पाठवावं लागलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण लीगला काळाची काही जाणीव आहे की नाही? यादीतल्या दुसऱ्या नावाबद्दल, शूलेस जो जॅक्सनबद्दल, माझं मन मऊ आहे. लिहिता-वाचता न येणारा गिरणीतला पोर. १९१९ च्या त्या सिरीजमध्ये त्याची बॅटिंगची सरासरी .३७५ होती, तरी त्याने पैसे घेतले होते. न्यायालयाने १९२१ मध्ये आठही जणांना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिस यांनी त्यांना कायमचं काढलं. जॅक्सनच्या हातात पडले होते ५ हजार डॉलर. एकशे सहा वर्षांनी सिअ‍ॅटलच्या त्या चेंडूचा आकडाही ५ हजारच सांगितला जातो.

डिसेंबर २०२७ मध्ये समिती रोझचा हॉल ऑफ फेमसाठी विचार करू शकेल. त्याचे हिट्स पुस्तकात आहेत, ते कुणी पुसलेले नाहीत, पुसूही नयेत. कूपर्सटाउनला, त्या हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर, त्याचा कांस्याचा चेहरा लावायला मात्र माझा विरोध आहे.

बाकी वाद आहेतच. पिच क्लॉकवरून, म्हणजे चेंडू टाकायला घातलेल्या वेळेच्या मर्यादेवरून, अजून भांडणारे भेटतात. मला तो मनापासून आवडतो. २०२२ मध्ये सामना सरासरी तीन तास चार मिनिटं चालायचा, २०२३ मध्ये तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला आणि शाळकरी मुलं पुन्हा शेवटपर्यंत थांबायला लागली. जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करतात ते मला सहन होत नाही. प्लेऑफमध्ये तो नियम नाही म्हणूनच २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा इनिंग रंगला आणि फ्रेडी फ्रीमनने पहाटेच्या सुमारास इथल्या आम्हा जागणाऱ्यांना झोपायला मोकळं केलं. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन संधी, आणि आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्यावर हात ठेवून द्यायचं. डीआरएस पाहिलेल्या माणसाला यात भीती वाटण्यासारखं काही नाही.

डॉजर्सच्या पैशाबद्दल जास्त बोललं जातं. शोहेइ ओतानीचा ७० कोटी डॉलरचा करार, त्यातले ६८ कोटी पुढच्या दशकात द्यायचे. २०२५ मध्ये त्यांनी भरलेला लक्झरी टॅक्सच, म्हणजे पगारांवर जास्त खर्च केल्याबद्दलचा कर, सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर, आणि आमच्या क्लीव्हलंडच्या सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून त्याच्या आसपासही पोहोचत नाहीत. मला ते सलतं. होसे रामिरेझने २०२२ मध्ये बाजारात मिळाले असते त्याहून कितीतरी कमी पैसे घेऊन आमच्याकडे राहणं पसंत केलं, आणि त्यासाठी हे शहर त्याला डोक्यावर घेतं. पगाराची कमाल मर्यादा हवी की नको यावर १ डिसेंबर २०२६ ला लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार संपल्यावर मोठी लढाई होणार, कदाचित मैदानंही बंद पडतील. १९९४ साली संपामुळे वर्ल्ड सिरीजच झाली नव्हती. पण डॉजर्सनी विकत घेतलेला खेळाडू जीव ओतून खेळतो. त्यांच्या यामामोतोने २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध सहावा सामना जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सातव्यात पुन्हा येऊन शेवटचे चेंडू टाकले. तो खेळ विकत घेतलेला असेल, विकलेला नव्हता. हरताना त्याचा राग येतो, त्याची किळस येत नाही.

२०२५ च्या जुलैत आम्ही डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होतो. ऑर्टिझ गेला, क्लासे गेला, हॅमिल्टनच्या आवाजातही त्या आठवड्यात जडपणा होता. आणि मग या पोरांनी सप्टेंबरात असा पाठलाग केला की विभाग आम्हीच जिंकला. एवढी पिछाडी भरून काढून विभाग जिंकणारा संघ बेसबॉलच्या इतिहासात दुसरा नाही. नवव्या इनिंगला आता केड स्मिथ यायचा. पहिल्या फेरीत त्याच डेट्रॉइटने आम्हाला घरी पाठवलं. मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं किती निखळ होतं हे त्या संध्याकाळी जाणवलं.

ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी सट्ट्याच्या कायद्यावर सही केल्याचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं आहे, आणि एका चेंडूवरचे डाव बंद व्हावेत म्हणून ते २०२५ च्या उन्हाळ्यापासून बोलत आहेत. मी त्यांच्या पक्षाला कधी मत दिलेलं नाही. या प्रश्नावर मात्र मी त्यांच्या बाजूने उभा आहे आणि आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधीला तसं पत्र लिहिलं आहे. त्यात दोन मागण्या आहेत. २०० डॉलरची मर्यादा नको, एका चेंडूवरचा डाव राज्यात पूर्ण बंद करा. आणि सामना चालू असताना सट्ट्याच्या जाहिराती दाखवू नका, कारण संध्याकाळी सात वाजता आईवडिलांच्या मांडीवर बसून ती मॅच बघणारी मुलं आठ-दहा वर्षांची आहेत.